पॉरपॉइजच्या डोक्यातील वायुमार्गांचा ओतीव ठसा: काय भरावे, कसे भरावे आणि त्यातून काय मोजावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पशुवैद्यकीय शरीररचनाशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे, कोकण किनाऱ्यावर जाळ्यात अडकून मेलेल्या फिनलेस पॉरपॉइजचे (देवमाशांच्या गटातील, डॉल्फिनसारख्या छोट्या सागरी सस्तन प्राण्याचे) डोके आणि छातीतील अवयव वनविभागाच्या लेखी परवानगीने आले आहेत आणि ते उणे २० अंशांवर गोठवून ठेवलेले आहेत. नाकातील पिशव्या, कानाभोवतीचे सायनस (हवेच्या पोकळ्या) आणि फुफ्फुसांतील श्वासनलिकांचे जाळे यांचा ओतीव ठसा त्याला घ्यायचा आहे. त्यासाठी सिलिकॉन, रेझिन आणि फुगणारा पॉलियुरेथेन फोम यांपैकी काय वापरावे, असे तो विचारतो; फोम त्याला एका मित्राने सुचवला आहे. ठशाचे आकारमान मोजून प्राण्याच्या वायुसाठ्याचा आकडा प्रबंधात देता येईल का, हा त्याचा शेवटचा प्रश्न आहे.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पदार्थ कोणता, दाब किती, डोके कसे ठेवायचे हे सगळे त्यावरच ठरते. गाय, म्हैस किंवा डुक्कर यांच्या नाकाचा ठसा घेण्याची तुम्हाला सवय असेल, तर तीच सवय इथे आड येईल. म्हशीच्या नाकातील पोकळी हाडांच्या आणि कूर्चांच्या चौकटीत बसलेली असते. जनावर मेले तरी पोकळी तशीच राहते आणि तिच्यात काहीही ओतले तरी हाती येणारा आकार जवळपास तोच असतो. डॉल्फिन आणि पॉरपॉइज यांच्यात मात्र हाडांतील दोन नासाछिद्रांच्या वरचा सगळा नासामार्ग मऊ स्नायूंत, चरबीत आणि तंतुमय ऊतींत आहे, आणि त्याला फुटलेल्या पिशव्या मेलेल्या प्राण्यात चेपून मिटलेल्या असतात, धुऊन घडी घातलेल्या उशीच्या अभ्र्यासारख्या. अभ्र्यात कापूस किती भरला यावर उशीचा आकार ठरतो. इथेही तसेच आहे. म्हणून ठशाचे आकारमान हा त्या प्राण्याचा गुणधर्म मानता येत नाही. अमुक दाबाखाली, अमुक स्थितीत, अमुक तापमानाला भरलेल्या पिशवीचे ते आकारमान असते. या तीन गोष्टी शेजारी लिहिल्या तरच तो आकडा प्रबंधात द्यावा.

जिवंत प्राण्याच्या बाबतीत तर एकच एक आकारमान शोधण्यात फारसा अर्थ नाही. पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर डोक्यातील हवेचे आकारमान पृष्ठभागावरच्या निम्मे होते आणि ९० मीटरवर ते एक दशांश उरते. कानाभोवतीच्या सायनसच्या भिंतीत शिरांचे दाट जाळे असते; हवा आकसली की ते रक्ताने भरून जागा व्यापते, असे मानले जाते. मेलेल्या प्राण्यात त्या शिरा कशा अवस्थेत आहेत, हे तो कसा मेला आणि शव किती वेळ कोणत्या कुशीवर पडून होते यावर ठरते. मग ठशातून विश्वासाने काय मिळते? कोणती पिशवी कुठे उघडते, कोणत्या दोन जागा एकमेकींशी जोडलेल्या आहेत, तोंडाशी अरुंद काय आणि रुंद काय, आतल्या आवरणावर घड्या कुठे आहेत, आणि हाडाने किंवा कूर्चेने ताठ ठेवलेल्या भागांची मापे. ठसा हा प्रथम मार्गांचा नकाशा आहे, आणि त्या दृष्टीने त्याच्या तोडीचे दुसरे साधन मला माहीत नाही.

आता रचना. एकच श्वासरंध्र, आणि त्याच्या लगेच खाली दोन्ही बाजूंना पसरलेल्या व्हेस्टिब्युलर पिशव्या. पॉरपॉइजच्या कुळात या पिशव्यांच्या तळाशी जाड, उठावदार घड्या असतात. चांगल्या ठशात त्या नांगरलेल्या जमिनीसारख्या दिसतात आणि तुमचा पदार्थ नीट पोहोचला की नाही याची पहिली खूण म्हणून उपयोगी पडतात. त्याखाली नासामार्गाला वेढणाऱ्या नळीसारख्या नासोफ्रंटल पिशव्या, आणि सर्वांत खाली, कवटीच्या प्रीमॅक्सिला हाडांवर पसरलेल्या प्रीमॅक्सिलरी पिशव्या. त्यांच्यावर नाकाची मांसल बुचे बसतात. ध्वनी निर्माण करणारे फोनिक लिप्स याच परिसरात आहेत, म्हणून या भागावर एवढे संशोधन झाले आहे. खालून हंसाच्या चोचीसारखे लांबट स्वरयंत्र थेट नासामार्गात घुसलेले असते आणि एक गोल स्नायू त्याला आवळून धरतो. त्यामुळे श्वासाचा आणि अन्नाचा मार्ग वेगळे राहतात. टेरिगॉइड सायनसची, म्हणजे वर सांगितलेल्या कानाभोवतीच्या सायनसची, व्यवस्था या सर्वांहून निराळी आहे. तो युस्टेशियन नळीमार्फत (कानाकडून येणाऱ्या चपट्या नळीमार्फत) नासामार्गाशी जोडलेला असतो, कानाच्या हाडांभोवती पसरतो आणि त्याचे फाटे डोळ्याच्या खोबणीच्या परिसरापर्यंत जातात.

डॉल्फिनच्या नाकाच्या कार्यात्मक रचनेवर बार्बरा लॉरेन्स आणि विल्यम शेविल यांचे १९५६ चे काम आजही वाचण्यासारखे आहे. सायनसच्या बाबतीत लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील फ्रान्सिस फ्रेझर आणि पीटर पर्व्हिस यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला देवमाशांच्या श्रवणावरील दीर्घ निबंध हा पाया आहे. अनेक जातींच्या सायनसची शेजारीशेजारी तुलना त्यात आहे. ब्रिटनमध्ये किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांची नोंद १९१३ पासून ठेवली जाते, त्यामुळे तिथे हार्बर पॉरपॉइजची ताजी डोकी तुलनेने सहज मिळतात. माझे बहुतेक काम त्यांच्यावरच झाले. फिनलेस पॉरपॉइज त्यांचाच कुळबंधू असल्याने खालील बहुतेक गोष्टी तुम्हाला लागू पडतील, पण तपशील तुम्ही तुमच्या नमुन्यावर तपासून घ्यावेत.

पदार्थाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: डोक्यासाठी प्लॅटिनम-उत्प्रेरित, म्हणजे ॲडिशन प्रकारचे, पातळ सिलिकॉन वापरा. त्याचे आकुंचन नगण्य असते, ते घट्ट होताना फारशी उष्णता निघत नाही, आणि घट्ट झाल्यावरही ते लवचिक राहत असल्याने हाडाच्या अरुंद छिद्रांतून न मोडता ओढून काढता येते. पॉलिस्टर रेझिन स्वस्त आहे, पण घट्ट होताना काही टक्के आकसते, तापते, आणि हाडात अडकलेला ठसा सोडवायचा तर कवटीच आम्लात विरघळवावी लागते. एका दुर्मीळ नमुन्याची कवटी अशी घालवणे मला पटत नाही. रक्तवाहिन्यांसाठी प्रसिद्ध असलेले बॅटसनचे १७ क्रमांकाचे संयुग बारीक वाहिन्यांत उत्तम जाते, मात्र तेही ठिसूळ आहे. लेटेक्समधील पाणी उडाले की ते आकसते आणि मोठ्या पिशवीत स्वतःचा भार पेलत नाही. जुन्या ग्रंथांत वूडच्या मिश्रधातूचा उल्लेख सापडेल. तो सुमारे ७० अंशांना वितळतो, म्हणजे पिशवीची नाजूक भिंत शिजेल, आणि शिवाय त्यात शिसे व कॅडमियम आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका.

फोमविषयी तुमच्या मित्राने सुचवले ते सर्वस्वी चूक नाही. मोठ्या प्राण्यांच्या श्वासनलिकांचे शिकवण्यासाठी ठसे करायचे असतील तर फोम हलका, स्वस्त आणि झटपट आहे. पण तो स्वतःच फुगतो आणि किती दाबाने फुगतो यावर तुमचा ताबा राहत नाही. ताठ श्वासनलिकेत हे चालते. मिटलेल्या मऊ पिशवीत तो पिशवीला हवे ते रूप देतो आणि तुम्ही ते रूप प्राण्याचे म्हणून नोंदवता. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डेही राहतात. त्यातील आयसोसायनेटची वाफ घातक असते, तेव्हा वापरलाच तर वायुवीजनाच्या कपाटातच वापरा.

प्लॅटिनम सिलिकॉनचा एक दोष आधीच सांगतो, कारण त्याने माझा एक ठसा पूर्ण वाया घालवला. गंधक, कथील आणि अमाइन यांच्या संपर्कात त्याचा उत्प्रेरक निकामी होतो. मी लेटेक्सचे हातमोजे घालून घटक ढवळले होते, आणि डोकेही फारसे ताजे नव्हते. सडणाऱ्या मांसातून गंधकयुक्त वायू सुटतात. दोन दिवसांनी आतला गाभा घट्ट होता, पण पृष्ठभाग काकवीसारखा चिकट राहिला आणि धुताना सर्व घड्या पुसल्या गेल्या. तेव्हापासून नायट्राइलचे हातमोजे, स्वतंत्र ढवळणी, आणि नमुन्याच्या एका कोपऱ्यात आदल्या दिवशी चमचाभर सिलिकॉन लावून ते सुकते का हे पाहणे, हा माझा नेम आहे.

नमुन्याच्या तयारीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट अनेकदा तुमच्या हाती नमुना येण्याआधीच घडून गेलेली असते. नेहमीच्या शवविच्छेदनात जीभ, स्वरयंत्र आणि फुफ्फुसे एकत्र ओढून काढतात. तसे केले की स्वरयंत्राची चोच नासामार्गातून निसटते आणि खालचे तोंड उघडे पडते. तुमच्याकडे डोके आणि छातीतील अवयव वेगळे आले आहेत, तेव्हा छेद कुठे घेतला आहे ते आधी पाहा. स्वरयंत्र डोक्यासोबत असेल आणि श्वासनलिकेची चारपाच कडी शिल्लक असतील तर तुम्ही नशीबवान आहात. नसेल तर हाडांच्या दोन नासाछिद्रांत खालून स्वतंत्र नळ्या बसवून टाके घालावे लागतील. काम होते, पण नासामार्गाच्या खालच्या तृतीयांशाविषयी मग काही बोलू नये. पुढच्या वेळी वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या किंवा स्थानिक पशुवैद्यकाच्या पथकाशी आधीच बोलून, मान स्वरयंत्राच्या मागे कापावी असे सांगून ठेवा.

डोके वितळवताना घाई करू नका. पॉरपॉइजच्या डोक्यातील चरबीमुळे आतला भाग फार सावकाश वितळतो. खोलीच्या तापमानाला ठेवले तर बाहेरचे आवरण सोलायला लागते आणि मध्यभागी अजून बर्फ असतो. ४ अंशांच्या शीतकपाटात दोन ते तीन दिवस द्या. वितळण्याआधी, गोठलेल्या अवस्थेतच, सीटी स्कॅन मिळाला तर करून घ्या. ठसा भरल्यावर दुसरा करा. मिटलेल्या पिशवीत हवा नसल्याने पहिल्या स्कॅनमध्ये ती बारीक रेषेसारखी दिसेल किंवा दिसणारच नाही. ठसा घेण्याचे आजही कारण उरले आहे ते यामुळेच: सीटीला हवा दिसते, हवेची शक्यता दिसत नाही. दुसऱ्या स्कॅनमध्ये मात्र सिलिकॉन कवटीच्या संदर्भात नेमके कुठे बसले आहे ते कळते, आणि पुढे ऊती काढताना ठसा हलला तरी मूळ जागा हातात राहते.

आतील धुलाईसाठी कोमट खारे पाणी श्वासरंध्रातून सोडून खालून निचरू द्यावे, दोनतीन वेळा, आणि शेवटी डोके उलटे करून अर्धा तास निथळू द्यावे. सायनसमध्ये फेसाळ, तेलकट श्लेष्म असतो. तो पूर्ण निघत नाही, आणि काढण्याच्या अट्टहासात आवरण फाटते. त्याहून मोठा अडथळा जंतांचा. पॉरपॉइजच्या कवटीच्या सायनसमध्ये स्टेन्युरस गटाचे गोल जंत अनेकदा गुच्छांनी सापडतात, फुफ्फुसांत हॅलोसर्कससारखे इतर जंत असतात, आणि एक गुच्छ युस्टेशियन नळीच्या तोंडाशी बसला तर सायनसचा अर्धा ठसा नाहीसा होतो. माझ्या एका ठशावर सिलिकॉनमध्ये जंतांच्या वळ्या इतक्या स्वच्छ उमटल्या होत्या की परजीवीशास्त्राच्या सहकाऱ्याने तोच तुकडा मागून घेतला. चिमट्याने किंवा बारीक एंडोस्कोपने दिसतील तेवढे काढा, ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा आणि कोणत्या बाजूचे ते लिहा.

इथेच सुरक्षिततेविषयी. या प्राण्यांत ब्रुसेला सेटी हा जिवाणू आढळतो आणि तो माणसाला बाधू शकतो. म्हणून श्वासमार्गात दाबाची हवा कधीही फुंकू नका, पिशव्या ‘उघडण्यासाठी’ सुद्धा नाही. त्याने तुमच्या चेहऱ्यासमोर तुषारांचा ढग उठतो. मुखवटा, चष्मा, दुहेरी हातमोजे. परवानगीची प्रत प्रयोगशाळेत ठेवा: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे, आणि ठसा काढल्यावर उरलेली कवटी व अवशेष यांचे काय करायचे हेही त्या परवानगीत लिहिलेले असावे. ते नसेल तर काम सुरू करण्यापूर्वी दुरुस्ती करून घ्या.

आता प्रत्यक्ष भरणे. डोके टेबलावर ठेवून भरले तर मेलनची (कपाळावरच्या चरबीच्या गोळ्याची) चरबी आणि ओठ आपल्याच वजनाने खाली लोंबतात आणि प्रीमॅक्सिलरी पिशव्या चेपल्या जातात. म्हणून मी डोके थंड खाऱ्या पाण्याच्या टबमध्ये, कापडाच्या झोळीत, पोहताना असते त्या स्थितीत, श्वासरंध्र पाण्याच्या जेमतेम वर राहील असे तरंगते ठेवतो. ऊती जवळजवळ पाण्याइतक्याच वजनाच्या असल्याने त्या आपापल्या जागी राहतात. ही युक्ती मला एका तंत्रज्ञाने सांगितली आणि तिने माझ्या ठशांत जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याही महागड्या पदार्थाने पडला नाही. घसा ओल्या कापसाने घट्ट भरून अन्ननलिका बांधून टाका, कारण स्वरयंत्राला आवळणारा स्नायू मेल्यावर सैल पडतो आणि सिलिकॉन तोंडात उतरते.

सिलिकॉनचे दोन्ही भाग आधी थंड करून ठेवल्यास हाताळायला जास्त वेळ मिळतो. मिश्रण निर्वात पात्रात ठेवून त्यातले बुडबुडे काढावे. त्या वेळी ते फसफसून कित्येक पट वर येते, तेव्हा भांडे मिश्रणाच्या पाचपट तरी मोठे घ्या, नाहीतर पंप साफ करण्यात दिवस जाईल. रंग आधीच मिसळा. नासामार्गासाठी एक आणि सायनससाठी दुसरा रंग वापरला, तर दोन्ही कुठे भेटतात हे नंतर वाद न होता दाखवता येते. मी लाल आणि निळा वापरतो.

पिचकारीने दाबून भरू नका. श्वासनलिकेत नळी बसवा, ती नरसाळ्याला जोडा, नरसाळे स्टँडवर ठेवा आणि गुरुत्वाकर्षणाला काम करू द्या. सिलिकॉन खालून वर चढते, हवा श्वासरंध्रातून निघते. बुडबुड्यांविना सलग धार श्वासरंध्रातून येऊ लागली की ते मऊ बूच आणि टाक्याने बंद करा. त्यानंतर नरसाळ्यातील पातळी श्वासरंध्राच्या वर २० सेंटिमीटर ठेवा. सिलिकॉनची घनता साधारण १.१ असल्याने हा २२ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब झाला. मात्र प्रवाह चालू असताना नळीतील घर्षणामुळे आतला दाब कमी असतो. तो पातळीइतका होतो प्रवाह थांबल्यावरच. म्हणून पातळी स्थिर झाल्यानंतरही दहाएक मिनिटे ती टिकवून धरावी आणि हाच आकडा वहीत लिहावा. भरताना झोळी डावीउजवीकडे १५ ते २० अंश हळूहळू कलवली की व्हेस्टिब्युलर पिशव्यांतील हवा सुटते. नासोफ्रंटल पिशवीच्या बंद टोकाशी मात्र ती हटकून अडकते. तिथे स्कॅन पाहून एक अतिबारीक सुई बाहेरून टोचून हवेला वाट द्यावी लागते. ठशावर तिचा काट्यासारखा अंश राहतो, तो छाटून टाकावा. ही कल्पना नवी नाही. लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या आरंभी बैलाच्या मेंदूतील पोकळ्यांत मेण भरताना हवा निघण्यासाठी छिद्रे ठेवायला सांगितले आहे. आपल्याकडचे ओतारीही साच्याला हवेची वाट ठेवल्याशिवाय धातू ओतत नाहीत.

पिचकारीचा मोह का टाळावा याचे उदाहरण माझेच आहे. सुरुवातीच्या काळात मी एका हार्बर पॉरपॉइजच्या डोक्यात अंगठ्याच्या जोरावर सिलिकॉन भरले, आणि हाती आलेल्या ठशात उजव्या प्रीमॅक्सिलरी पिशवीच्या पुढे एक सुबक, पानाच्या आकाराची ‘अतिरिक्त पिशवी’ होती. मी ती आठवडाभर सहकाऱ्यांना कौतुकाने दाखवत होतो. पुढच्या डोक्याचे नुसते विच्छेदन केले तेव्हा तिथे पिशवी नव्हती, फक्त स्नायू होता. मग ठसा भिंगाखाली धरला. खऱ्या पिशव्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत, श्लेष्मल आवरणाच्या सुरकुत्यांसह होता. ‘नव्या पिशवीवर’ समांतर बारीक रेघा होत्या, म्हणजे सिलिकॉन भिंत फाडून स्नायूच्या धाग्यांमध्ये शिरले होते. तेव्हापासून प्रत्येक ठशाचा प्रत्येक फुगवटा मी भिंगाखाली पाहतो, आणि जी पिशवी एकाच नमुन्यात दिसते तिच्याविषयी छापून काही लिहीत नाही.

सायनस वेगळा भरावा. युस्टेशियन नळी चपटी असल्याने नासामार्गाकडून तिच्यात सिलिकॉन सहसा जात नाही. टाळूच्या बाजूने, टेरिगॉइड हाडाच्या आकड्याजवळ, सायनसच्या पुढच्या भागात सुई घालून तिथून भरणे सोपे पडते. आधी सायनस निळ्याने भरा, मग तासाभरात नासामार्ग लालने. तुमच्या संस्थेत कोणी श्रवणाचा सूक्ष्म अभ्यास करणार असेल तर कानाची हाडे आधी काढून त्यांना द्यावी लागतील, आणि मग त्या बाजूचा सायनस ठशासाठी बाद. एक बाजू त्यांना, एक तुम्हाला, असा व्यवहार जमतो.

भरलेले डोके ८ ते १० अंशांवर ४८ तास हलवू नका. उबदार जागी सिलिकॉन लवकर घट्ट होईल हे खरे, पण मांसही लवकर सडेल.

ऊती काढण्याच्या टप्प्यावर विद्यार्थी सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडकडे धावतात. फुफ्फुसांसाठी ते ठीक आहे. डोक्यासाठी मी ते एकदाच वापरले. मेलन आणि खालच्या जबड्यातील चरबी अल्कलीशी मिळून साबण होते, आणि आमच्या टबात राखाडी साबणाचा इतका जाड थर जमला की प्रयोगशाळेचे सांडपाणी दोन दिवस तुंबले. कवटीचा पृष्ठभागही खडबडीत झाला तो वेगळाच. त्यापेक्षा मोठी चरबी हाताने कापून काढा, सीटीकडे पाहत पिशव्यांच्या जवळ पोहोचल्यावर थांबा, आणि उरलेले ४० ते ५० अंशांच्या पाण्यात, विकरे असलेल्या कपडे धुण्याच्या पावडरीसह, पाणी बदलत सावकाश सुटू द्या. आठवडा ते दोन आठवडे लागतील. वास येतो, इमारतीतील इतरांना आधी कल्पना द्या. पॉरपॉइजच्या डाव्या-उजव्या पिशव्या डॉल्फिनच्या तुलनेत एकमेकींशी बऱ्याच समरूप असतात, त्यामुळे सुटा ठसा हातात आला की डावे-उजवे ओळखता येत नाही. ऊती काढण्यापूर्वीच डाव्या व्हेस्टिब्युलर पिशवीत एक रंगीत दोरा ओवून ठेवा.

फुफ्फुसांचे काम तुलनेने सोपे आहे आणि आकड्यांच्या दृष्टीने अधिक फलदायी आहे. देवमाशांच्या फुफ्फुसांना आपल्यासारख्या पाळ्या नसतात. उजव्या बाजूची एक श्वासनी (फुफ्फुसात जाणारी शाखा) श्वासनलिकेच्या मुख्य विभागणीच्या आधीच फुटते. आणि कूर्चांचा आधार अतिशय बारीक फांद्यांपर्यंत, वायुकोशांच्या तोंडाशी जातो. त्यामुळे या नलिका दाबाने सहज मिटत नाहीत, आणि त्यांचा ठसा पिशव्यांच्या ठशासारखा भरणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. पेर शोलँडर यांनी १९४० मध्ये मांडलेली कल्पना अशी की खोल बुडीत छाती चेपते, वायुकोश मिटतात आणि त्यांतील हवा या ताठ नलिकांत ढकलली जाते, जिथे नायट्रोजन रक्तात मिसळत नाही. सॅम रिजवे आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये टफी नावाच्या, ३०० मीटरपर्यंत बुडी मारणाऱ्या प्रशिक्षित डॉल्फिनवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली, तीही याच प्रश्नाशी निगडित आहेत. ताठ नलिकांचे एकूण आकारमान हे या विचारातील एक मूळ माप आहे, आणि ते ठशातून मिळते. प्रबंधात आकडा द्यायचाच असेल तर हा द्या.

भरण्याची पद्धत रॉबर्ट फेलन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रयोगशाळेतील प्राण्यांसाठी वर्णिली तीच मुळात चालते: फुफ्फुसात आधी कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर काढायची, मग उकळून गार केलेले, म्हणजे विरघळलेली हवा काढलेले, खारे पाणी भरायचे, ज्यात उरलेला कार्बन डायऑक्साइड विरघळून जातो, आणि शेवटी पाण्याची जागा सिलिकॉनला घेऊ द्यायची. इथे वायू अगदी मंद, पाण्याखाली बुडवलेल्या नळीतून बाहेर पडेल असा सोडावा. वर सांगितलेला तुषारांचा धोका इथेही आहे. गोठवून वितळलेल्या फुफ्फुसात गळती जास्त होते, ती दिसताच त्या जागी धागा बांधा. सिलिकॉन घट्ट झाल्यावर ५ ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, रोज द्रावण पाहत, ऊती विरघळवा आणि मंद पाण्याखाली धुवा. सर्वांत बारीक फांद्या तुटतीलच. आकारमान काढण्यापूर्वी कोणत्या व्यासापर्यंतच्या फांद्या मोजल्या हे ठरवून त्याखालच्या स्वतः छाटून टाका. आकारमानासाठी ठशाचे वजन भागिले त्याच मिश्रणातून वेगळ्या ओतलेल्या ठोकळ्याची मोजलेली घनता, हा मार्ग पाण्यात बुडवून मोजण्यापेक्षा अचूक ठरतो, कारण फांद्यांमध्ये हवेचे बुडबुडे चिकटून राहतात.

एकच नमुना हाती असल्याने सराव दुसऱ्या जनावरांवर करावा लागेल. फुफ्फुसांसाठी खाटकाकडून बोकडाचे फुफ्फुस श्वासनलिकेसकट न कापता आणा. सायनससाठी तुमच्या विभागात येणाऱ्या घोड्याच्या किंवा गाढवाच्या डोक्यातील गटरल पाउच भरून पाहा: तोही युस्टेशियन नळीचाच फुगवटा आहे, त्याचे तोंडही झडपेसारखे चपटे आहे, आणि तिथे नळी घालताना हाताला जे कळते ते पॉरपॉइजच्या टाळूशी सुई घेऊन बसल्यावर उपयोगी पडते. नाकातील पिशव्यांना मात्र पाळीव जनावरांत पर्याय नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बोकड, मग घोडा, मग तुमच्या पॉरपॉइजची फुफ्फुसे, आणि डोके सर्वांत शेवटी. ते उणे २० अंशांवर आणखी दोनतीन महिने राहिले तरी चालेल; फक्त दुहेरी पिशवीत, पाण्याचे आवरण गोठवून ठेवा, म्हणजे श्वासरंध्राच्या कडा सुकणार नाहीत.